हायडेलबर्गचा किल्ला पुन्हा का बांधला नाही, आणि त्याची बाग गेली कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मानहाइमला शिकतो. हायडेलबर्गचा किल्ला दोनदा पाहिला. पडक्या भिंती, मोठं पिंप आणि वरून दिसणारं गाव, यापलीकडे हाती काही लागलं नाही. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. त्यांना नेमकं काय दाखवू? महायुद्धानंतर जर्मनांनी शहरंच्या शहरं पुन्हा उभी केली, मग हा किल्ला तसाच पडका का ठेवला? आणि नकाशावर 'किल्ल्याची बाग' लिहिलंय तिथे तर नुसतं गवत आहे. बाग कुठे गेली?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. जुन्या दगडी इमारतींचं जतन हे माझं काम. गेल्या वीस-बावीस वर्षांतला बराचसा काळ दक्षिण जर्मनीत, लाल वालुकाश्माच्या भिंतींसमोर परांचीवर उभं राहून गेला. हायडेलबर्गच्या किल्ल्यावर मी स्वतः कामाला नव्हतो, पण आधी शिकायला आणि मग विद्यार्थ्यांना घेऊन इतक्या वेळा गेलोय की तिथल्या अंगणात कुठल्या वेळी कुठल्या भिंतीवर ऊन येतं ते पाठ झालंय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. हा किल्ला कुणाच्या दुर्लक्षाने पडका राहिलेला नाही. साधारण १९०० च्या सुमारास मोठं भांडण होऊन, विचार करून तो पडका ठेवायचं ठरलं, आणि तेव्हापासून आजतागायत माणसं लावून, पैसे खर्चून तो तसा राखला जातोय. आणि महायुद्धाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्ग जवळजवळ शाबूत राहिलं. किल्ला त्याच्या अडीचशे वर्षं आधीच पडला होता.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपण मराठीत किल्ला म्हणतो तेव्हा तटबंदी, बुरूज, दारूगोळा डोळ्यांपुढे येतो. जर्मनमध्ये त्याला 'बुर्ग' म्हणतात. हायडेलबर्गला मात्र सगळे 'श्लॉस' म्हणतात, म्हणजे राजवाडा. खरं तर तो दोन्ही आहे. बाहेरून किल्ला, आत वाडा, आणि वाडासुद्धा एक नव्हे. एका अंगणाभोवती दोनशे वर्षांत निरनिराळ्या मालकांनी आपापला महाल बांधला, आणि शक्यतो आधीच्याचा पाडला नाही. आपल्याकडे थोरल्या घराला प्रत्येक पिढीने एकेक सोपा जोडत जावा, तसं. म्हणून तिथे उभं राहून 'किल्ला कुठल्या काळातला' असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. 'ही भिंत कुणाची' असं विचारावं लागतं.

मालक कोण, तर ऱ्हाइनचे पॅलाटिन सरदार. ११५६ च्या सुमारास सम्राट बार्बरोसाने आपला सावत्र भाऊ कोनराड याला हे पद दिलं. १२१४ मध्ये ते बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे गेलं आणि पुढे जवळजवळ सहा शतकं त्याच घराण्याच्या शाखांमध्ये फिरत राहिलं. १३५६ च्या शाही सनदेने जर्मन राजा निवडायचा हक्क सात जणांना कायमचा दिला, त्यांपैकी एक हे. म्हणून त्यांना 'इलेक्टर' म्हणतात. खालच्या गावातलं विद्यापीठ १३८६ मध्ये त्यांनीच काढलं, आजच्या जर्मनीतलं ते सर्वांत जुनं. किल्ल्याची वस्ती आधी दोन जागी होती. एक आताच्या ठिकाणी आणि दुसरी डोंगरावर आणखी वर. वरच्या किल्ल्यात दारूकोठार होतं. १५३७ मध्ये वीज पडून ते उडालं आणि वरचा किल्ला संपला. खालचा वाढत गेला.

आता अंगणात या. दरवाजातून आत आल्यावर डावीकडे जी साधी, उंच छपराची इमारत दिसते ती रुप्रेश्टची. तिसरा रुप्रेश्ट १४०० मध्ये जर्मनीचा राजा निवडला गेला, तेव्हाची. अंगणातली ही सर्वांत जुनी. लोक तिच्यासमोरून सरळ पुढे जातात, कारण नटवेपणा काही नाही. तुम्ही मात्र दारावर पाहा. दोन लहान देवदूत गुलाबांचं कडं धरून उभे आहेत आणि कड्याच्या आत कंपास कोरलाय. गावात गोष्ट सांगतात ती अशी: बांधणाऱ्या मुख्य कारागिराची जुळी मुलं परांचीवरून पडून गेली, त्याचं कामात लक्ष लागेना, मग ती दोघं त्याच्या स्वप्नात आली. जागा झाला तेव्हा त्यांच्या थडग्यावर वाहिलेल्या फुलांचं कडं त्याच्या खोलीत होतं. गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवू. पण कंपास ही पाथरवटाची खूण आहे आणि ती राजाच्या घराच्या दारावर, अगदी माथ्यावर बसलीय. माझ्या धंद्यातल्या माणसाला तिथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तिथून जवळच विहिरीवरचा मंडप आहे. त्याचे खांब लाल नाहीत, राखाडी ग्रॅनाइटचे आहेत, आणि ते या डोंगरातले नव्हेत. इंगेलहाइमला सम्राट शार्लमेनचा जो राजवाडा होता तिथून ते आणले. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या माणसानेही सात-आठशे वर्षं जुना दगड मिरवायला आणला होता.

किल्ल्याचा किल्लेपणा मुख्यतः पाचव्या लुडविगने, १५०८ ते १५४४ च्या त्याच्या कारकिर्दीत, वाढवला. पश्चिमेचा तट, तोफांचा चौथरा, दरवाजावरचा चौकोनी बुरूज आणि वायव्य कोपऱ्यातला 'जाडा बुरूज'. जर्मनमध्येही त्याचं नाव हेच आहे. त्याची भिंत सुमारे ७ मीटर जाड. तोफा आल्यावर युरोपभर अशाच भिंती उभ्या राहिल्या. उंचीपेक्षा जाडी महत्त्वाची झाली होती. इतकी जाडी पुढे काय कामाला आली ते खाली येईलच.

आता अंगणाच्या पूर्व बाजूला तोंड करा. छप्पर नाही, वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांतून आभाळ दिसतंय, अशी जी लालभडक भिंत उभी आहे ती ओटहाइनरिशची. तुमच्या आई-बाबांना एकच गोष्ट दाखवायची असेल तर ही दाखवा, आणि घाई करू नका.

ओटहाइनरिश १५५६ मध्ये गादीवर आला आणि १५५९ च्या फेब्रुवारीत वारला. पुरती तीन वर्षंही मिळाली नाहीत. तेवढ्यात त्याने राज्याचा धर्म बदलून लूथरचा पंथ आणला, ग्रंथसंग्रह वाढवला आणि हा महाल सुरू केला. जर्मन भूमीवरच्या रेनेसाँस शैलीतल्या अगदी सुरुवातीच्या महालांमध्ये याची गणना होते. तोवर इकडचे वाडे उभट, टोकदार, गरजेप्रमाणे खिडकी काढलेले असत. इथे पहिल्यांदा भिंत वहीच्या रेघांसारखी आखलेली दिसते: आडव्या पट्ट्या, त्यांना टेकू देणारे अर्धस्तंभ, दोन-दोन खिडक्यांच्या मध्ये एक कोनाडा, आणि कोनाड्यात पुतळा. पुतळ्यांचं काम तेव्हाच्या नेदरलँड्समधल्या, आज बेल्जियममध्ये असलेल्या मेखेलनहून आलेल्या आलेक्झांडर कोलिनचं. १५५८ मध्ये त्याच्याशी करार झाला होता.

पुतळे १६ आहेत. खालच्या रांगेत चार बलवान: जोशुआ, सॅमसन, हर्क्युलीस, डेव्हिड. मधल्या रांगेत पाच सद्गुण: बळ, श्रद्धा, प्रेम, आशा आणि न्याय. वरच्या रांगेत शनी, मंगळ, शुक्र, बुध आणि चंद्राची देवी डायाना. अगदी माथ्यावर, आभाळाला टेकलेले, सूर्य आणि गुरू. वरचे पाच आणि माथ्यावरचे दोन मोजा. सात ग्रह, म्हणजे आपले सातही वार त्या भिंतीवर उभे आहेत. बाबांना सांगितलंत तर ते स्वतःच बोटाने मोजतील. राजाला म्हणायचंय ते असं की राज्य बळावर उभं असतं, सद्गुणांनी चालतं आणि त्याच्या वर ग्रहांची सत्ता असते. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला हे वाचता यावं म्हणून ते भिंतीवर लिहिलं, आणि दार स्वतः विजयकमानीसारखं केलं. तुमच्यासारख्या दोनदा जाऊन आलेल्या माणसाच्या हाती काही लागलं नाही, यात तुमची चूक नाही. ही भिंत कुणीतरी वाचून दाखवावी लागते.

मग जवळ जा आणि दगड पाहा. वालुकाश्म म्हणजे दाबली गेलेली वाळू, तिच्यात पुस्तकाच्या पानांसारखे थर असतात. चांगला पाथरवट दगड खाणीत जसा झोपलेला असेल तसाच भिंतीत झोपवतो. उंच, सडपातळ खांब किंवा चौकट करायची तर दगड उभा करावा लागतो, मग थर पावसाच्या तोंडावर येतात आणि शंभर-दोनशे वर्षांनी पापुद्रे सुटायला लागतात. बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं की कळतं. धड दगड टणक वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. (तिथे ठोकू नका, पहारेकरी ओरडतात. पण नदीकाठच्या कुठल्याही जुन्या लाल दगडी भिंतीवर करून पाहा.) सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नसून लोखंड आहे. नक्षीकाम भिंतीला धरून राहावं म्हणून पूर्वी आत लोखंडी पट्ट्या बसवत. पट्टी गंजली की फुगते आणि दगड आतून फोडते. बाहेरून एक केसाएवढी रेघ दिसते. ती दिसली तेव्हा निम्मं नुकसान झालेलं असतं.

उत्तरेच्या कोपऱ्यात कमानींचे एकावर एक मजले असलेला सज्जा दिसेल. तो दुसऱ्या फ्रीडरिशचा 'आरसेमहाल', १५४९ चा. वर व्हेनिसच्या आरशांचं दालन होतं म्हणून हे नाव. त्याला लागून जी छप्परासकट, नीटनेटकी, पुतळ्यांनी भरलेली इमारत आहे ती चौथ्या फ्रीडरिशची, १६०१ ते १६०७ मध्ये योहानेस शोखने बांधलेली. इथेही १६ पुतळे, पण देव नाहीत, ग्रह नाहीत. शार्लमेनपासून थेट बांधणाऱ्यापर्यंत सगळे पूर्वज. पन्नास वर्षांत काय बदललं ते दोन भिंती शेजारी पाहिल्या की कळतं. आजोबांच्या पिढीला विश्व दाखवायचं होतं, नातवाला वंशावळ. पुतळे सेबास्टियान ग्योट्सचे. बाहेर आज प्रती उभ्या आहेत, मूळचे आत ठेवलेत. तळाशी चर्च आहे, तिथे अजूनही लग्नं लागतात. आणि या इमारतीचं दुसरं तोंड गावाकडे आहे. नेकार नदीच्या पुलावरून वर पाहिलं की दिसतं ते तेच.

इथवर सगळा इतिहास अंगणातला. आता बाग.

पाचव्या फ्रीडरिशचं लग्न १४ फेब्रुवारी १६१३ ला लंडनला झालं. नवरी इंग्लंडच्या पहिल्या जेम्सची मुलगी एलिझाबेथ. दोघंही सोळा वर्षांची. तिच्यासाठी उत्तरेच्या तटावर 'इंग्रजी महाल' बांधला, जाड्या बुरुजाच्या वर नाटकाचं दालन केलं, तोफांच्या चौथऱ्यावरून तोफा काढून तिथे फुलझाडं लावली, आणि त्या चौथऱ्याच्या तोंडाशी १६१५ मध्ये एक कमान उभी केली. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की पाचव्या फ्रीडरिशने प्रिय पत्नी एलिझाबेथसाठी ही केली. वाढदिवसाला एका रात्रीत उभारली अशी दंतकथा आहे. खांब झाडांच्या बुंध्यांसारखे घडवलेत, त्यांवर वेल चढलाय. वेलात लहान-लहान प्राणी लपवलेत, ते शोधण्यात लहान मुलांचा अर्धा तास जातो.

पण खरा घाट पलीकडे, पूर्वेच्या डोंगराच्या उतारावर होता. फ्रीडरिशने सालोमॉन द कोस या फ्रेंच अभियंत्याला बोलावलं. हा माणूस आधी इंग्लंडच्या राजघराण्याकडे नोकरीला होता. पाण्याची यंत्रं, कारंजी, पाण्याच्या जोरावर वाजणारे ऑर्गन यांत त्याचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. त्याच्यापुढची अडचण साधी होती: बागेला सपाट जमीन लागते आणि इथे इंचभर सपाट जागा नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. म्हणून त्याने कडा फोडला, निघालेल्या दगडाने दरीचा तोंडाकडचा भाग भरला, आणि भराव खाली सरकू नये म्हणून उंचच उंच कमानींची भिंत उभारली. त्यातून काटकोनात वळणाऱ्या एकाखाली एक गच्च्या तयार झाल्या. त्यांच्यावर फुलांचे चौक, वेलींचे मांडव, पुतळे, गुहा, कारंजी. संत्र्याची झाडं जमिनीत लावली होती. या थंडीत ती कशी जगणार? तर हिवाळ्यात त्यांच्याभोवती लाकडी घर उभं करायचं, आत शेगड्या पेटवायच्या, आणि वसंत आला की घर सोडवून ठेवायचं.

हे सगळं १६१४ नंतरच्या चार-पाच वर्षांतलं काम. १६१९ मध्ये बोहेमियाच्या बंडखोर सरदारांनी फ्रीडरिशला प्रागचा मुकुट देऊ केला आणि त्याने तो घेतला. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागबाहेरच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत तो हरला. एक हिवाळा राज्य केलं म्हणून 'हिवाळी राजा' हे नाव कायमचं चिकटलं. त्याच वर्षी द कोसने 'हॉर्टस पालाटिनुस' नावाचं चित्रांचं पुस्तक फ्रँकफर्टला छापलं. त्यात बाग पूर्ण झालेली दाखवलीय. प्रत्यक्षात ती कधीच पूर्ण झाली नाही. आज आपण 'हरवलेली बाग' म्हणून जिच्यासाठी हळहळतो, तिचा बराच भाग कागदावरच फुलला होता. १६२२ मध्ये सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या टिली या सेनापतीच्या फौजेने हायडेलबर्ग घेतलं, गावातला प्रसिद्ध ग्रंथसंग्रह रोमला पोपकडे गेला, आणि फुलांच्या गच्च्यांवर तोफा चढल्या. सपाट, उंच, किल्ल्याच्या अगदी शेजारची जागा. तोफेसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? बाग करणाऱ्याने नकळत शत्रूला चौथरा बांधून दिला होता.

एलिझाबेथ पुन्हा हायडेलबर्गला नांदली नाही. आयुष्य परागंदा गेलं. पण तिचा नातू पहिला जॉर्ज १७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला.

तर बाग कुठे आहे? तुम्ही ज्या गवतावर उभे होता तीच. फुलं गेली, अभियांत्रिकी राहिली. पुढच्या वेळी पूर्व टोकाच्या गच्चीवर जा, तिला आता शेफेलची गच्ची म्हणतात. तिथून खाली उतरून मागे वळून पाहा. ज्या कमानींच्या अंगावर तुम्ही मघाशी उभे होता त्या दिसतील. डोंगराच्या बाजूला गुहेचं कोरीव दार आहे, आणि एका हौदात ऱ्हाइन नदीचा पुतळा आडवा पडलाय. जर्मनमध्ये ही नदी पुरुष आहे, म्हणून म्हातारा, दाढीवाला बाबा. एकोणिसाव्या शतकात या गच्च्यांवर इंग्रजी धाटणीची मोकळी झाडी लावली गेली. चौकोनी ताटवे परत आखायचे की ही झाडी राखायची, हा प्रश्न अधूनमधून निघतो. माझं मत स्पष्ट आहे: झाडी राहू द्यावी. कधीच न झालेली बाग 'पुन्हा' करता येत नाही. आणि ती झाडंही आता इतिहासच झालीत.

आता पडझड. फ्रीडरिशचा मुलगा कार्ल लुडविग तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर १६४९ मध्ये परत आला, डागडुजी केली. त्याची मुलगी लिझेलोट १६७१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिली. लग्न राजकारणाचं, शेजाऱ्याशी सख्य राहावं म्हणून. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईने भावजयीच्या नावाने वारसा सांगितला. तिला स्वतःला हे नको होतं, पण तिला विचारतो कोण? फौजा आल्या. २ मार्च १६८९ ला किल्ला आणि गाव पेटवलं. १६९३ मध्ये पुन्हा आले, गाव जाळलं आणि राहिलेल्या बुरुजांखाली सुरुंग लावले. माहेर तिच्याच नावाने बेचिराख झालं, आणि ती व्हर्सायला बसून बातम्या ऐकत होती.

आग्नेय कोपऱ्यातला फुटका बुरूज पाहा. त्याचं जुनं नाव क्राउटटुर्म. 'क्राउट' म्हणजे तोफेची दारू, म्हणजे आपल्या भाषेत दारूकोठाराचा बुरूज. भिंत साडेसहा मीटर जाड. सुरुंग उडाला तेव्हा बुरुजाचे तुकडे-तुकडे झाले नाहीत. एक फाक, कलिंगडाची निघावी तशी, अख्खी सुटली आणि खंदकात जाऊन पडली. ती आजही तिथेच आहे, एकसंध. उरलेल्या भागात आतले मजले आणि कमानी कापून ठेवल्यासारख्या दिसतात. विद्यार्थ्यांना मी पहिला तास इथे देतो. बाहेरचा घडीव दगड म्हणजे नुसतं अंगावरचं कातडं, मधे सगळा भरड दगड आणि चुना. आणि तीनशेहून अधिक वर्षं उघड्यावर पडलेली ती फाक अजून सुटलेली नाही. त्या चुन्याची ताकद तेवढी आहे. सिमेंटच्या दुरुस्त्या पन्नास वर्षांत तडकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सोबत शेजारचा चांगला दगडही घेऊन गेलेल्या.

पुढे १७२० मध्ये इलेक्टरचं गावातल्या प्रॉटेस्टंटांशी मोठ्या चर्चवरून बिनसलं आणि तो राजधानी उचलून मानहाइमला गेला, म्हणजे तुम्ही शिकता त्या गावी. पुढचा इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या मनात किल्ल्याची डागडुजी करायचं होतं. तेवढ्यात २४ जून १७६४ ला वीज पडली, एकदा नव्हे दोनदा, आणि उरलंसुरलं जळालं. मग लोकांनी दगड न्यायला सुरुवात केली. चाळीस-पन्नास वर्षं किल्ला म्हणजे गावाची खाण होता.

ती लूट थांबवली एका फ्रेंच माणसाने. शार्ल द ग्राइमबर्ग, राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागलेला सरदार. १८१० मध्ये चित्रं काढायला आला आणि मरेपर्यंत, १८६४ पर्यंत, हायडेलबर्गलाच राहिला. आरसेमहालात बिऱ्हाड केलं, दगड चोरणाऱ्यांना हाकललं, किल्ल्याची चित्रं छापून विकली, सापडेल ती वस्तू जमवली. गावातलं कुरफाल्त्स संग्रहालय त्याच संग्रहावर उभं आहे. किल्ला फोडणारे फ्रेंच आणि वाचवणाराही फ्रेंच. पाटीवर त्याचं नाव दिसलं तर आई-बाबांना आवर्जून सांगा.

आणि मग ते भांडण. १८८३ मध्ये सरकारने किल्ल्यासाठी खास कचेरी काढली. दोन वास्तुविशारदांनी, युलिउस कोख आणि फ्रिट्स झाइट्स यांनी, दगड न् दगड मोजून नकाशे केले. १८९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की पुन्हा बांधणं नको, आहे ते टिकवणं शक्य आहे. तरीही १८९७ पासून कार्ल शेफरने चौथ्या फ्रीडरिशच्या महालाची दुरुस्ती हाती घेतली आणि आतून नवी सजावट केली. काम कौशल्याचं आहे यात शंका नाही. पण आत गेल्यावर आपण १६०७ मध्ये नसतो, १९०० मध्ये असतो. मग शेफर ओटहाइनरिशच्या भिंतीकडे वळला. तिलाही छप्पर आणि दोन मोठी त्रिकोणी शिखरं चढवायची होती. मूळची शिखरं कशी होती यावर पुरावा तोकडा. १९०२ मध्ये एक जुनं रेखाचित्र सापडलं, तर ते कितपत विश्वासाचं यावरच नवा वाद.

गेओर्ग देहिओ या कलाइतिहासकाराने १९०१ मध्ये एक पत्रक लिहून याला विरोध केला. त्याचं म्हणणं मूळ जर्मनमध्ये तीन शब्दांत होतं: जतन करा, जीर्णोद्धार नको. छप्पर घालायचं तर भिंती त्या भाराला पुरतील अशा कराव्या लागणार, म्हणजे जुनं काढून नवं घालावं लागणार, आणि शेवटी हाती राहील ती खऱ्या वास्तूच्या जागी एक अंदाज. कित्येक वर्षं वर्तमानपत्रांतून, सभांतून, विधिमंडळातून हे चाललं. शेवटी शिखरं झाली नाहीत. जगभरच्या जतनशास्त्राचा पाया ज्या थोड्या वादांनी घातला, त्यांत हा एक. मी देहिओच्या बाजूचा आहे. ओटहाइनरिशच्या खिडकीतून आभाळ दिसतं तेव्हा १६८९, १६९३, १७६४ हे सगळं त्या एका चौकटीत दिसतं. छप्पर घातलं असतं तर फक्त १५५९ दिसलं असतं, तेही कुणाच्या तरी कल्पनेतलं.

मात्र 'काही करायचं नाही' असा याचा अर्थ नाही. छप्पर नसलेली भिंत वरून पाणी पिते. माथ्यावर पाणी मुरलं, हिवाळ्यात गोठलं, फुगलं की वरचे थर हलतात. म्हणून माथे उताराचे करून झाकावे लागतात, दरजा चुन्यानेच पुन्हा भराव्या लागतात, आयव्हीची मुळं फटीत शिरण्याआधी काढावी लागतात, लोखंड काढून न गंजणारं घालावं लागतं. छप्पर असलेली इमारत राखणं त्यामानाने सोपं. तुम्ही जाल तेव्हा कुठेतरी परांची बांधलेली दिसेल. फोटो बिघडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तिथे कुणीतरी हातोडीच्या दांड्याने ठोकून बद्द आवाज शोधत असतो.

पिंपाबद्दल दोनच ओळी. आताचं १७५१ चं आहे, चौथं. १३० ओक झाडांचं लाकूड, सुमारे २,२०,००० लिटर मावतात. शेतकऱ्यांकडून कर म्हणून येणारी वाइन त्यात ओतायची. समोर पेर्केओ या दरबारी विदूषकाचा लाकडी पुतळा आहे. आईला आवडेल, पण दहा मिनिटांवर वेळ देऊ नका.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सांगावंसं वाटतं. याच हायडेलबर्गच्या विद्यापीठातल्या दक्षिण आशिया संस्थेत ग्युंथर सोंथायमर शिकवत. खंडोबा, बिरोबा, धनगरांच्या ओव्या, यांवर त्यांनी आयुष्य वेचलं. जेजुरीच्या पायऱ्या या माणसाला तोंडपाठ होत्या. बाबांना देवदेवतांची आवड असेल तर गच्चीवर बसून हे जरूर बोला.

आई-बाबांसाठी क्रम असा ठेवा. कॉर्नमार्क्टवरून डोंगररेल्वेने वर या. पायऱ्या ३१५ आहेत, म्हाताऱ्या गुडघ्यांना नकोत. आधी एलिझाबेथची कमान, मग अंगण: रुप्रेश्टचं दार, विहीर, ओटहाइनरिश. त्याच्याच तळमजल्यात औषधालयाचं संग्रहालय आहे, बाबा तिथे रमतील. ओटहाइनरिशची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा दुपारनंतर पोहोचा. चारच्या सुमाराला ऊन थेट तिच्यावर येतं, पुतळ्यांच्या सावल्या लांबतात आणि लाल दगड भाजलेल्या विटेसारखा दिसतो. मग फुटका बुरूज, आणि शेवटी शेफेलच्या गच्चीवर. उन्हाळ्यात तीनदा किल्ल्यावर लाल दिवे लावून आग लागल्याचा देखावा करतात, १६८९, १६९३ आणि १७६४ ची आठवण म्हणून. त्या तारखांपैकी एखादी तुमच्या आठवड्यात येत असेल तर संध्याकाळी नदीच्या पलीकडच्या काठावर उभे राहा, किल्ल्यावर नको. खालून सगळं दिसतं. डोंगररेल्वेची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र वर चढतानाच पाहून ठेवा.